जिराफांचा बाजार

त्यांनी आयुष्यात एकही गोष्ट पूर्ण केली नाही, आणि ह्याचा त्यांना गर्व होता. पाठ अर्धवट, स्वाध्याय अर्धवट, स्नेहसंमेलनाच्या सूत्रसंचालनाचे कागदसुद्धा अर्धवट. मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी आम्हा सगळ्यांना फोनवर उघडी फाइल म्हणून पाठवली होती. नावं, तारीख, कार्यालय, जेवणाची वेळ, सगळं पिवळ्या चौकटीत. उदगीरकडच्या एका गुरुजींनी त्या चौकटींतला मजकूर बदलला आणि तीच पत्रिका आपल्या मुलाच्या लग्नाला वाटली. दुसरा कुणी असता तर त्याने त्या गुरुजींशी बोलणं टाकलं असतं. हे गृहस्थ आठवडाभर ती पत्रिका दाखवत फिरले.

"बघा, कार्यालय बदललं, मामांची नावं बदलली, आहेर स्वीकारणार न्हाई ही ओळ तर काढूनच टाकली. ह्याला म्हणायचं शिक्षक!"

आम्ही त्यांना पिवळे सर म्हणायचो. अर्थात पाठीमागे. त्यांना ते माहीत होतं, आणि त्यांना वाटायचं की हा सन्मान आहे.

लातूरला एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा कक्ष होता. लातूर आणि नांदेड, दोन्ही जिल्ह्यांच्या शाळांसाठी पाठ तयार करायचे आणि संकेतस्थळावर टाकायचे, म्हणजे शिक्षकांना ते उतरवून घेता येतील, हे आमचं काम. आम्ही दोघंही मूळचे प्राथमिक शिक्षक, तिथं प्रतिनियुक्तीवर आलेलो. प्रतिनियुक्ती म्हणजे पगार शाळेचा, खुर्ची कार्यालयाची आणि पोरांचा त्रास तिसऱ्याच माणसाला. मी लोह्याचा. वर्गापासून सुटका हवी होती म्हणून ओळखी काढून आलो, हे मी आता लपवत नाही. ते निलंग्याचे. ते का आले हे मला कधी समजलं नाही, कारण त्यांना शाळा आवडायची.

त्यांचे वडील निलंग्यात शिंपी होते. शाळेचे गणवेश शिवायचे. पोर वर्षात किती वाढेल ह्याचा नेम नाही, म्हणून शिवणीच्या आत ते बोटभर जास्तीचं कापड दुमडून ठेवायचे. शिंपी त्याला 'माया' म्हणतात. पुढच्या जूनला शिवण उसवायची, माया सोडायची, की गणवेश पुन्हा अंगाला येतो. ही गोष्ट पिवळे सर दिवसातून एकदा तरी सांगत. नव्या माणसाला सांगत, जुन्या माणसाला सांगत, चहा आणणाऱ्या बाईंनाही सांगत. त्यांच्या स्वतःच्या पँटच्या तळाशी जुन्या दुमडीची फिकी रेघ कायम दिसायची. ती रेघ ते प्रमाणपत्रासारखी दाखवायचे.

"पाठात माया ठेवा सर," ते मला म्हणायचे. "देवणीच्या गुरुजीला देवणीचा बैल घालता आला पाहिजे, निलंग्याच्या बाईंना ऊस घालता आला पाहिजे. तुमचा पाठ म्हंजे दगडी पुतळा झालाय. हार घाला आणि घरी जा."

माझे पाठ खरोखर तसेच होते. निळी किनार, कोपऱ्यात समई, मागे बासरी आणि पहिल्या पानावर आमच्या साहेबांचा शुभेच्छांसह फोटो. फोटोला साजेशी जागा मिळावी म्हणून मी पाठातले प्रश्न कमी केल्याचंही मला आठवतं. सगळं झालं की फाइल कुलूपबंद करायची, म्हणजे ती कुणालाही वाचता येईल, पण त्यातलं एक अक्षर बदलता येणार नाही. साहेब म्हणायचे, "दर्जा राखला पाहिजे. मास्तर लोक हात लावतात आणि घाण करतात." मी मान डोलवायचो. मीही मास्तरच होतो, हे त्या क्षणी माझ्या लक्षात राहत नसे.

कुणी पिवळ्या सरांचं कौतुक केलं तर त्यांचा चेहरा पडायचा. एकदा रेणापूरकडच्या एक बाई मुद्दाम दुसरा मजला चढून आल्या. म्हणाल्या, "सर, तुमचा पाण्याचा पाठ लई छान होता. मी जशाच्या तसा शिकवला बघा."

"जशाच्या तसा?" ते खुर्चीतून उठलेच. "मग तुमी काय केलाव, बाई?"

"शिकवलं की."

"तुमच्या गावचा हापसा घातलाव का त्यात? टँकर कुठं थांबतो ते घातलाव?"

"न्हाई..."

"मग तुमी वाचलाव. शिकवलाव न्हाई."

बाई रडवेल्या होऊन उतरल्या. त्यांच्या मागे जिन्यापर्यंत जाऊन मी त्यांची समजूत काढली आणि माझा कुलूपबंद पाठ त्यांना पाठवला. त्यांनी तो फार सुंदर आहे असं सांगितलं. मला फार बरं वाटलं होतं.

त्यांच्या प्रशिक्षणाचाही एक किस्सा आहे. हॉल भरून शिक्षक बसलेले. ह्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक पाठ दिला आणि म्हणाले, "ह्यातली तुमच्या वर्गाला नको असलेली एक ओळ खोडा." सगळ्यांनी पेनं काढली. एकाचंही पेन कागदाला टेकलं नाही. पाच मिनिटांनी एका ज्येष्ठ गुरुजींनी हात वर केला.

"सर, कुठली खोडायची तेवढं सांगा. सगळे तीच खोडतो."

मागून दुसरा म्हणाला, "खोडण्याचा हुकूम लेखी हाय का?"

पिवळ्या सरांनी खडू ठेवला. मग त्यांनी डबा काढला आणि भर हॉलमध्ये कडक भाकरी मोडून शेंगाच्या चटणीबरोबर खाल्ली. प्रशिक्षण तिथंच संपलं. अहवाल मी लिहिला. त्यात 'सहभागींनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला' असं म्हटलं आहे.

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. रिकामी चौकट ठेवली तर लोक ती रिकामीच ठेवतात, मग चौकटीत असं काही लिहायचं की ते बदलल्याशिवाय पाठ वापरायची लाज वाटली पाहिजे. मग गणितात शेतकऱ्याकडे सात पाणघोडे आले. परिसर अभ्यासात, 'आमच्या गावचा आठवडी बाजार' ह्या पाठात, पिवळ्या चौकटीत त्यांनी लिहिलं: 'आमच्या गावात दर बुधवारी जिराफांचा बाजार भरतो. दूरदूरचे लोक जिराफ विकायला आणतात.' आणि प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत सूचना: 'पिवळ्यातला मजकूर आपल्या गावाप्रमाणे बदलल्याशिवाय हा पाठ वापरू नये.'

"आता कसं न्हाई बदलणार?" ते हात चोळत म्हणाले. "जिराफ वाचल्यावर आंधळासुद्धा थांबंल."

मी म्हणालो, "सर, आपल्या लोकांवर एवढा विश्वास बरा नाही."

"आपल्या लोकांवर न्हाई, जिराफावर हाय माझा विश्वास."

पंचवीस-तीस वर्षं वर्गात काढून जमवलेले प्रश्न, खेळ, गोष्टी असं सगळं त्यांनी त्या उघड्या फाइलींत ओतलं होतं. कुणाच्या नावाचा कुठं उल्लेख नाही. स्वतःच्याही नाही. आपलं नाव घातलं तर लोक ते बदलायला कचरतील, असं त्यांचं म्हणणं. मला हे ढोंग वाटायचं. माझ्या प्रत्येक पाठावर माझं नाव तीन ठिकाणी असायचं.

एका मंगळवारी साहेबांनी मला बोलावलं. दुपारी वरिष्ठांची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक, होती. तीत पन्नास नवे पाठ संकेतस्थळावर दिसले पाहिजेत असं साहेब कुणाला तरी बोलून बसले होते. माझ्याकडे मोजून चार पाठ होते. पिवळे सर आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभराच्या रजेवर गेलेले. त्यांचा अख्खा साठा मात्र कक्षाच्या संगणकावर उघडा पडलेला, नेहमीसारखा.

मी कामाला लागलो. सूचनेचं पहिलं पान काढलं, कारण साहेबांच्या फोटोला जागा हवी होती. निळी किनार घातली. पिवळा रंग निळ्या किनारीशी जुळेना, म्हणून सगळ्या फाइलींतला पिवळा मी पांढरा केला. समई, बासरी, शेवटी माझं नाव. मग एकेक फाइल कुलूपबंद केली आणि चढवली. जेवणाच्या सुट्टीच्या आत पन्नास पाठ झाले. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी ते पाठ वाचले नव्हते, घाईत वाचायला वेळच नव्हता, असं पुढे मी सगळ्यांना सांगितलं. साहेबांना, बायकोला, आणि पिवळ्या सरांनाही.

पाठ दोन्ही जिल्ह्यांत गेले. शाळाशाळांतून त्यांच्या झेरॉक्स निघाल्या. आणि आश्चर्य म्हणजे काहीच झालं नाही. एकाही शाळेतून फोन आला नाही. मुलं पाणघोड्यांची बेरीज करत होती, जिराफांच्या बाजाराचं चित्र रंगवत होती, वह्या तपासल्या जात होत्या, लाल शाईने 'छान' असे शेरे मिळत होते.

मग नांदेडहून एक मोठे अधिकारी लोहा तालुक्यातल्या एका शाळेत तपासणीला गेले. माझा चुलत मेहुणा तेव्हा त्या शाळेवर होता, म्हणून पुढचं मला त्याच्या तोंडून कळलं. अधिकाऱ्यांनी चौथीतल्या एका मुलीला विचारलं, "बाळ, तुमच्या गावात कशाचा बाजार भरतो?"

"जिराफाचा."

वर्गात कुणीही हसलं नाही. अधिकाऱ्यांनी मागच्या बाकावरच्या मुलाला उठवलं. तो म्हणाला, "जिराफाचा. दर बुधवारी. दूरदूरचे लोक आणतात."

हे त्या तालुक्यात, जिथं माळेगावच्या जत्रेत घोडे, गाढवं, उंट असा बाजार पाहायला ही पोरं दरवर्षी बापाच्या खांद्यावर बसून जातात.

"तू पाहिलास का गं कधी जिराफ?" अधिकाऱ्यांनी मुलीला विचारलं.

"न्हाई सर. पण परीक्षेला हाय."

अधिकारी वर्गशिक्षकाकडे वळले. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, वरून आलंय."

मेहुणा सांगतो, ते ऐकून अधिकाऱ्यांनी तपासणीची वही मिटली. कारण वर म्हणजे तेच होते.

त्यांचा फोन आमच्या साहेबांना आला. साहेबांनी मला आत घेतलं आणि दार लावलं. पाठावर माझं नाव तीन ठिकाणी होतं. मी म्हणालो, "साहेब, मजकूर माझा नाही. मूळ पाठ पिवळ्या सरांचा. मी फक्त सजावट केली." हे खोटं नव्हतं. माझी सगळी खोटी कामं अशीच खऱ्या वाक्यांनी केलेली आहेत.

'विद्यार्थ्यांच्या भवितव्याशी खेळ' केल्याबद्दल पिवळ्या सरांना कारणे दाखवा नोटीस निघाली. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. नोटीस सेवापुस्तकात जाणार, प्रतिनियुक्ती जाणार, आणि त्यांचा तो साठा कक्षाच्या संगणकावर राहणार की नाही हे साहेबांच्या मनावर.

ते रजेवरून आले, नोटीस वाचली, आणि पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा:

"एकानंबी बदललं न्हाई? दोन्ही जिल्ह्यांत, एकानंबी?"

मी म्हणालो, "सर, फाइल कुलूपबंद होती."

"कुलूप फाइलला होतं. खडूला होतं का?" मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आणि कुलूप कुणी लावलं?"

मी घाईबद्दल बोललो, व्हीसीबद्दल बोललो, वाचायला वेळ नव्हता असं सांगितलं. मग माझ्याच संगणकावर बसून त्यांनी नोटिशीचा खुलासा टाइप केला आणि फाइल माझ्या मेलवर पाठवली. मी त्यांच्यासमोरच उघडली. चार ओळींचा खुलासा होता. शेवटची ओळ अशी: 'सदर पाठांतील पिवळा रंग काढून, सूचनेचे पान वगळून, पाठ कुलूपबंद स्वरूपात प्रसारित करण्याचे काम', पुढे एक पिवळी चौकट, तीत 'येथे नाव घाला', आणि पुढे 'यांनी केले.'

"तुमीच भरा," ते म्हणाले. "माझ्या हातानं तुमचं नाव लिहायला बरं वाटंना. भरा आणि साहेबांकडं पाठवून द्या."

आणि आईच्या डोळ्यात औषध घालायचं आहे म्हणून ते निघून गेले. एवढा मोठा खुलासा, आणि हा माणूस तो माझ्यावर सोपवून डोळ्याचे थेंब घालायला गेला! मला त्यांचा राग आला. त्यांनी माझं नाव लिहिलं असतं तर मी भांडलो असतो, आणि भांडताना माणसाला आपली बाजू खरी वाटते. त्यांनी मला तेवढीही सोय ठेवली नाही.

मी त्या चौकटीत लिहिलं: तांत्रिक अडचणी.

'पाठ कुलूपबंद स्वरूपात प्रसारित करण्याचे काम तांत्रिक अडचणी यांनी केले.' मग पिवळा रंग काढला, फाइल कुलूपबंद केली आणि साहेबांना पाठवली. साहेबांनी वाचली. त्यांना त्यात काहीही खटकलं नाही. आमच्या कार्यालयात तांत्रिक अडचणींना सगळेच मान देतात.

खुलासा असमाधानकारक ठरला. पिवळे सर सीमेजवळच्या, देवणीच्याही पलीकडच्या एका शाळेवर गेले. साहेब मला म्हणाले, "ते जिराफबिराफ सगळं काढून टाका, मूळ फाइलींसकट." मी काढलं. संगणकाने विचारलं, खात्री आहे का? मी 'हो' दाबलं. पिवळ्या सरांचा कधी फोन आला नाही. निरोप समारंभ झाला नाही, कारण त्याचा खर्च कुठल्या सदरात टाकायचा हे ठरेना.

पुढे कक्ष बंद झाला आणि मीही शाळेवर परत आलो. चौथीचा वर्ग मिळाला. पहिल्याच आठवड्यात समोरच्या पोरांना शिकवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. समई होती, बासरी होती.

ह्या वर्षी मी निलंग्याला गेलो. निमित्त म्हणून एक पँट बरोबर घेतली. ते निवृत्त झाल्यावर वडिलांच्या दुकानात बसतात असं ऐकलं होतं. पाटीवर लिहिलं आहे: 'नवीन कपडे शिवून मिळणार नाहीत. फक्त अल्टर.' पाहून मला हसू आलं. उभ्या गावात एवढा हट्टी शिंपी दुसरा नसेल.

"या सर," ते म्हणाले, जणू काल भेटलो होतो. "काय करलालाव सध्या?"

"शाळेवर आहे. सर, ही पँट कमरेत होत नाही."

त्यांनी टेप काढली आणि माझ्या कमरेला लावली. तेवढ्यात मी सुरुवात केली. घरून पाठ करूनच गेलो होतो. माझ्याकडून फार मोठी चूक झाली, तुमच्यावर अन्याय झाला, मला त्याची खंत आहे, शक्य झालं तर मोठ्या मनाने क्षमा करा.

"पोट आत घेऊ नका," ते म्हणाले. "खरं माप द्या."

मी पोट सोडलं. त्यांनी आकडा वहीत लिहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे जे आत्ता बोललाव ना, हे चांगलं हाय. पण हे कुणालाबी चालंल. मेहुण्याला चालंल, बायकोला चालंल, दूधवाल्याला चालंल. ह्यात तुमचं काय हाय? माझं काय हाय? जशाच्या तसं आणलाव तुमी."

त्यांनी माझी पँट उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि ती घडी करून परत दिली.

"रेडिमेड हाय. ह्यात माया न्हाई. होणार न्हाई हे काम."

चहा मात्र पाजला. आईच्या डोळ्यांचं विचारलं तर म्हणाले, शेवटपर्यंत सुईत दोरा ओवत होती.

घरी आल्यावर मी जुना मेल उघडला. त्यांचा खुलासा, उघडा, अजून तिथंच आहे. साहेबांकडे गेली ती माझी प्रत. ही त्यांची. चौकट अजून पिवळी.

तीत मी माझं नाव लिहिलं. वाचून पाहिलं. एवढंही कुणालाही चाललं असतं, फक्त नाव बदलायचं. म्हणून पुढे लिहीत गेलो. लातूर, दुसरा मजला, खिडकीजवळचा संगणक, मंगळवार, जेवणाच्या सुट्टीआधी. प्रशिक्षणानंतर लोक जिन्यात माझे नाही, त्यांचे पाठ मागत होते, हेही लिहिलं. पाण्याच्या पाठाच्या त्या बाईसुद्धा पुढच्या महिन्यात परत आल्या आणि मला ओलांडून थेट त्यांच्या टेबलापाशी गेल्या. हापसा कुठं घालायचा, असं विचारत होत्या.

आणि मी ते पाठ वाचले नव्हते, हे खोटं आहे. एक वाचला होता. जिराफ मी पाहिला होता. पिवळा रंग काढायच्या आधी दोनदा वाचला, खुर्चीत एकटाच हसलो, ह्यांची एकदा फजिती होऊ दे असं मनात म्हणालो, आणि मग कुलूप लावलं.